तापलेल्या इंजिनाची वाफ आणि त्याचे आवाज

महाराष्ट्रातून पैनगंगा ओलांडून दक्षिणेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, जो पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ७ म्हणून ओळखला जात असे, आदिलाबाद, गुडीहतनूर, इच्चोडा आणि नेरडीगोंडा मागे टाकत निर्मलच्या वाटेवर महबूब घाटाला भिडतो. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते, त्यामुळे दोन्हीकडच्या नातेसंबंधांची आणि बाजारपेठांची ये-जा या रस्त्यांवर आजही सुरू असते. मोटारीच्या इंजिनाची परीक्षा पाहण्यास हा प्रदेश फार अनुकूल आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या वर जातो, हिवाळ्यात १० अंशांच्या खाली उतरतो, केरामेरी आणि निर्मलचे घाट चढावाचे आहेत, कापसाच्या हंगामात बाजार समितीच्या बाहेर वाहनांच्या रांगा लागतात आणि जमिनीखालचे पाणी अनेक ठिकाणी जड आहे. बॉनेटखालून निघणारी वाफ आणि इंजिनातून येणारा अनोळखी आवाज यांचे निदान करताना वाहनचालक बहुधा ‘काय बिघडले’ हा प्रश्न आधी विचारतो; परंतु ‘केव्हा बिघडले’ या प्रश्नाचे उत्तर आधी मिळवले, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर निम्म्याहून अधिक हाती येते, आणि या प्रकरणातील विवेचनाचा रोख तोच आहे.

इंजिनात जळणाऱ्या इंधनातील सर्वच ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचत नाही. पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा गती देण्यास उपयोगी पडते, एक तृतीयांश धुराड्यावाटे उष्ण वायूंबरोबर निघून जाते आणि उरलेली बहुतेक इंजिनाच्या धातूत व तेथून थंड करणाऱ्या द्रवात उतरते. एक लिटर पेट्रोल जळल्यावर या तिसऱ्या हिश्श्याची जी उष्णता निर्माण होते ती तीस-पस्तीस लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणण्यास पुरेशी असते, आणि ती गाडीतील जेमतेम पाच-सहा लिटर द्रवाने सतत वाहून न्यायची असते. १८८६ मध्ये कार्ल बेंझ यांनी पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारीत हे काम पाणी उकळू देऊन आणि त्याची वाफ हवेत सोडून केले जात असे, त्यामुळे वाटेत वारंवार पाणी भरावे लागे. विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी ८,०७० बारीक चौकोनी नळ्यांचा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला, आणि पाणी न गमावता त्यातील उष्णता हवेला देण्याची आजची पद्धत तेव्हापासून रूढ झाली.

या पद्धतीत वॉटर पंप द्रवाला इंजिनाच्या भिंतींमधील पोकळ्यांतून फिरवतो. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या प्रसरणावर चालणारी झडप. ती द्रव साधारण ८२ ते ९० अंशांपर्यंत तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही आणि तापल्यावर वाट मोकळी करते. रेडिएटरचे झाकण हा या साखळीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. त्यातील स्प्रिंग आतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा साधारण ०.९ ते १.१ बारने अधिक ठेवते, आणि दाब वाढला की उत्कलनबिंदूही वाढतो, त्यामुळे साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. निम्मे पाणी आणि निम्मे एथिलीन ग्लायकॉल असलेले मिश्रण त्याच्याही पुढे टिकते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली, तर बाकी सर्व भाग धडधाकट असूनही गाडी उकळू लागते. म्हणून वाफेचे कारण शोधताना महागड्या भागांकडे वळण्यापूर्वी झाकणाची परीक्षा करून घेणे शहाणपणाचे ठरते.

आदिलाबादच्या परिसरात या विषयाला पाण्याची एक स्वतंत्र बाजू आहे. जिल्ह्याच्या काही भागांत पैनगंगा समूह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चुनखडीच्या प्राचीन थरांचा विस्तार आहे. आदिलाबाद शहराजवळ सिमेंट कॉर्पोरेशनचा, आता दीर्घकाळ बंद असलेला, कारखाना उभा राहिला तो याच चुनखडीच्या आधारावर. चुनखडीतून झिरपणारे पाणी कॅल्शियमचे बायकार्बोनेट विरघळवून घेते, आणि असे पाणी तापले की त्यातील कर्बवायू निघून जाऊन कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनाच, घनरूपाने बाहेर पडतो. बोअरचे पाणी रोज तापवल्या जाणाऱ्या बंबात आतून जो पांढरा, खरखरीत थर बसतो तो हाच असतो. इंजिनात तो सर्वांत आधी सर्वांत तप्त जागी, म्हणजे सिलिंडरच्या डोक्याजवळ आणि एग्झॉस्ट झडपेभोवतीच्या पोकळीत, धरतो. या थराची उष्णता वाहण्याची क्षमता बिडाच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी असते. त्यामुळे बोटाच्या नखाएवढ्या जाडीचा थरही धातू आणि द्रव यांच्यामध्ये भिंतीसारखा उभा राहतो, द्रव फारसा तापलेला नसतानाही धातू भलताच तापतो, आणि चालकासमोरच्या काट्यावर त्याची पूर्ण कल्पना येत नाही.

पाणी कमी झाले की वर भरत राहण्याच्या सवयीने हा दोष साचत जातो, कारण वाफ होऊन जाते ते केवळ पाणी आणि क्षार मागे राहतात. समजा लिटरमागे ३०० मिलिग्रॅम काठिण्य असलेले पाणी दर आठवड्याला एक लिटर भरले, तर वर्षभरात सुमारे १५ ग्रॅम चुना इंजिनात मुक्कामाला राहू शकतो, आणि रेडिएटरच्या नळ्यांची आतली वाट एखाद-दोन मिलिमीटरच असते हे लक्षात घेतले म्हणजे या १५ ग्रॅमचे गांभीर्य कळते. कूलंट हा महागडा चैनीचा पदार्थ आहे, आपल्याकडे बर्फ पडत नाही तेव्हा त्याची गरज काय, असा युक्तिवाद पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. तो चुकीचा आहे. कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये अॅल्युमिनियम, बीड आणि रबर यांचे रक्षण करतात आणि ग्लायकॉल उत्कलनबिंदू वाढवतो, या दोन्ही गोष्टींची गरज ४५ अंशांच्या प्रदेशात थंड प्रदेशाइतकीच आहे. कूलंट शुद्ध केलेल्या पाण्यातच मिसळावे, आणि हिरवे, तांबडे, निळे अशा रंगांवरून त्याची जात ओळखता येत नसल्यामुळे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच प्रकार वापरावा. एथिलीन ग्लायकॉल गोडसर चवीचे आणि विषारी असते. काढलेले कूलंट गॅरेजबाहेरच्या गटारात किंवा गुरे पाणी पितात अशा खड्ड्यात ओतणे हा गुरांच्या आणि मुलांच्या जिवाशी खेळ आहे, आणि तो ताबडतोब थांबला पाहिजे.

वाफ कोणत्या प्रसंगी निघते यावरून दोषाचे ठिकाण बरेच निश्चित होते. रेडिएटर उष्णता हवेला देतो ती द्रव आणि हवा यांच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात. द्रव ९५ अंशांवर असेल, तर हिवाळ्यातील सकाळी १५ अंशांच्या हवेत हा फरक ८० अंशांचा असतो आणि मे महिन्यातील दुपारी ४५ अंशांच्या हवेत तो ५० वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात आपल्या हिवाळी क्षमतेच्या पाच अष्टमांशानेच काम करतो, आणि निम्म्या नळ्या चुन्याने बुजलेली गाडी सहा महिने निर्धास्त धावून एप्रिलमध्ये अचानक ‘बिघडते’. याउलट बाजार समितीच्या दारात, नोव्हेंबर-डिसेंबरच्या गार हवेत, रांगेत उभ्या असलेल्या गाडीचा काटा वर चढत असेल आणि रस्त्याला लागताच खाली येत असेल, तर संशय जवळजवळ सर्वस्वी पंख्यावर, त्याच्या मोटरवर, फ्यूजवर किंवा त्याला चालू करणाऱ्या स्विचवर घ्यावा लागतो, कारण धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो आणि उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यायचा असतो. रांगेत ठीक असलेली गाडी महामार्गावर वेगात किंवा घाटात तापत असेल, तर पंखा निर्दोष धरून आतून चुन्याने किंवा बाहेरून मातीने बुजलेल्या रेडिएटरकडे वळावे. जिनिंगच्या आवारात नेहमी जाणाऱ्या वाहनांच्या जाळीत कापसाचे तंतू अडकतात, त्यांवर धूळ बसते आणि हवेची वाटच बंद होते. सकाळी गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांतच वरचा पाइप तप्त आणि खालचा गार राहून काटा लाल खुणेकडे धावला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याचा संभव मोठा आहे. इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ पंखा फिरत राहणे आणि थंड होताना धातूचा ‘टिक टिक’ आवाज येणे या गोष्टी मात्र नित्याच्या आहेत.

बॉनेटखालची वाफ आणि धुराड्यातून निघणारी वाफ यांचे अर्थ वेगळे आहेत. इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते, तेव्हाच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे सुरू होणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गाडीच्या धुराड्यातून पांढरे लोट निघताना दिसतात. ते चिंतेचे कारण नाही. पेट्रोलमधील हायड्रोजन जळून त्याचे पाणी होते आणि एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. गार हवेत ते दिसते, धुराडे तापल्यावर दिसेनासे होते. परंतु भर दुपारी, इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरे दाट लोट चालूच राहिले, त्यांना गोडसर वास आला आणि टाकीतील कूलंट बाहेर कोठे न गळता कमी होऊ लागले, तर द्रव सिलिंडरमध्ये शिरत आहे. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे आणि काळा धूर इंधन गरजेपेक्षा अधिक जात असल्याचे सांगतो, या दोन्हींचा पाण्याशी संबंध नाही.

द्रव सिलिंडरमध्ये शिरण्याचे नेहमीचे कारण म्हणजे हेड गॅस्केट निकामी होणे. हेड हा इंजिनाचा झडपा असलेला वरचा भाग, ब्लॉक हा सिलिंडर असलेला खालचा भाग, आणि या दोहोंमध्ये दाबून बसवलेली पातळ बहुस्तरी पट्टी म्हणजे गॅस्केट. तिला ज्वलनाचा दाब, तेल आणि पाणी या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवायच्या असतात. बऱ्याच इंजिनांत हेड अॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा असतो. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे ४० सेंटिमीटर लांबीचे हेड नेहमीच्या तापमानापेक्षा ५० अंशांनी अधिक तापले तर ते ब्लॉकपेक्षा सुमारे पाव मिलिमीटर जास्त वाढू पाहते, बोल्टांनी जखडलेले असल्यामुळे वाढू शकत नाही, आणि वाकते. हेडच्या सपाटीत चालणारा फरक बहुधा मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकाच असतो, यावरून एका उकळीने केवढे नुकसान होऊ शकते याचा अंदाज येतो. ऑइलच्या झाकणाखाली किंवा डिपस्टिकवर दुधाळ चहासारखा साय धरलेला थर दिसणे, इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येणे, आणि रात्रभर थांबलेल्या गाडीचा रेडिएटरचा पाइप सुरू करताच दगडासारखा कडक होणे ही गॅस्केट गेल्याची लक्षणे होत. मात्र थंडीत थोड्या थोड्या अंतरासाठीच चालवलेल्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली ओलाव्यामुळेही किंचित साय जमते, म्हणून या एकाच खुणेवर हेड उघडण्याचा निर्णय घेऊ नये. निश्चितीसाठी गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची चाचणी करतात. रेडिएटरवरची हवा त्या द्रवातून ओढली आणि तीत ज्वलनातील कर्बवायू असला, तर द्रव निळ्याचा पिवळा होतो.

वाटेत काटा लाल खुणेवर गेला तर वातानुकूलन बंद करावे, गाडीतील हीटर पूर्ण चालू करावा, कारण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे, आणि गाडी लवकरात लवकर सुरक्षित जागी उभी करून इंजिन बंद करावे. येथे एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. तापमान मोजणारा संवेदक द्रवात बुडालेला असतो. द्रव गळून गेला की त्याच्याभोवती नुसती वाफ किंवा हवा उरते आणि काटा खाली येतो, म्हणून लाल खुणेवर गेलेला काटा इंजिन चालू असताना आपोआप खाली आला तर ती सुधारणा समजू नये, ती इंजिन जाम होण्यापूर्वीची अवस्था असू शकते. झाकण तर तप्त इंजिनावर कधीही उघडू नये. ११५ अंशांचे पाणी झाकण उघडताच दाब हरवते, त्याचा सुमारे तीन टक्के भाग तत्क्षणी वाफ होतो, आणि एका लिटरमागे चाळीस लिटरांहून अधिक वाफ उसळून उरलेले उकळते पाणी चेहऱ्यावर आणि हातांवर फेकते. इंजिन निवण्यास अर्धा ते पाऊण तास लागतो. वरचा पाइप हाताला सोसेल इतका निवल्यावर जाड फडक्याने झाकण हळू सैल करावे, आणि रस्त्याकडेच्या बोअरचे गार पाणी तापलेल्या धातूवर एकदम ओतू नये, कारण अचानक आकसण्याने हेडला तडा जातो. अडचणीत साधे पाणी भरून गाव गाठणे गैर नाही. घरी पोहोचल्यावर ते काढून टाकण्याचा कंटाळा करणे मात्र गैर आहे.

आवाजाचे निदान वाफेपेक्षा अवघड असते, कारण धातूचा ब्लॉक आवाज सगळीकडे पसरवतो आणि कान जागा चुकवतो. १८१६ मध्ये रने लेनेक या फ्रेंच वैद्याने छातीतील ध्वनी ऐकण्यासाठी स्टेथोस्कोप तयार केला. गॅरेजमधील अनुभवी मिस्त्री लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या एकेका भागावर टेकवून त्याची मूठ कानाशी धरतो तेव्हा तो त्याच तत्त्वाचा उपयोग करीत असतो. आवाजाची लय ही त्याच्या जागेइतकीच महत्त्वाची आहे. चार टप्प्यांच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत झडप एकदाच उघडते, त्यामुळे झडपांशी संबंधित आवाज क्रँकच्या निम्म्या गतीने येतात. मिनिटाला ८०० फेऱ्या घेणाऱ्या शांत इंजिनात क्रँक सेकंदाला तेराहून अधिक फेऱ्या मारतो आणि एक झडप सहा-सात वेळा आपटते. हलका, वेगळा वेगळा ऐकू येणारा, हेडच्या वरच्या झाकणाशी स्पष्ट होणारा ‘टक टक’ आवाज बहुधा टॅपेटचा असतो. झडप आणि तिला दाबणारा भाग यांतील मोकळीक वाढली किंवा ऑइल कमी झाले की तो येतो, आणि पुष्कळदा ऑइलची पातळी पाहण्यानेच प्रश्न सुटतो.

खालच्या भागातून येणारा जड, घुमणारा ठोका ही वेगळीच बाब आहे. कनेक्टिंग रॉड आणि क्रँक यांमधील बेअरिंग मायक्रॉनांत मोजल्या जाणाऱ्या तेलाच्या पडद्यावर तरंगत फिरते. इंजिन तापले की तेल पातळ होते, पडदा फाटतो आणि धातू धातूला लागतो. गती धरून पाय किंचित सैल केल्यावर ठोका वाढत असेल आणि तेलाच्या दाबाचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर गाडी पुढे एक किलोमीटरही न चालवता ओढून नेणे हाच मार्ग आहे. जुन्या इंजिनांत एकेका सिलिंडरची ठिणगी क्षणभर तोडून कोणत्या सिलिंडरचा ठोका मंदावतो ते पाहतात. आजच्या गाड्यांत न जळलेले पेट्रोल धुराड्यातील उत्प्रेरकाला जाळून टाकू शकते, म्हणून ही परीक्षा जाणकाराकडेच सोपवावी.

घाट चढताना वरच्या गिअरमध्ये पेट्रोल गाडीतून येणारी बारीक, काचेवर खडे पडावेत तशी ‘खिटखिट’ हे आघाती ज्वलनाचे लक्षण होय. ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातील मिश्रण उष्णतेने व दाबाने एकदम पेटते आणि त्यातून उठलेल्या दाबाच्या लाटा भिंतींवर आदळून सेकंदाला सहा-सात हजार कंपनांचा आवाज करतात. इंजिन जितके तप्त तितका याचा धोका अधिक. म्हणून उन्हाळ्यात आलेली खिटखिट ही कित्येकदा चुन्याने बुजलेल्या पोकळीची पहिली सूचना असते, वाफ दिसण्याच्या कितीतरी आधीची. नव्या गाड्यांत ब्लॉकवरील संवेदक हा आवाज चालकाआधी ऐकतो आणि ठिणगी उशिरा टाकून तो थांबवतो, त्यामुळे आवाज येत नाही, फक्त गाडीची ओढ कमी होते. गिअर खाली घेणे हा तात्पुरता इलाज आहे.

बाहेरच्या आवाजांचा उलगडा सोपा असतो. पट्ट्याच्या चीत्कारावर पाण्याचे चार थेंब टाकावेत. आवाज थांबून पुन्हा आला तर पुली तिरपी आहे आणि तो वाढला तर पट्टा सैल आहे. वॉटर पंपाचे बेअरिंग खराब झाले की घरघर येते आणि पंपाखाली कूलंटच्या रंगाचा सुकलेला ओघळ दिसतो. डॅशबोर्डच्या मागे पाणी खळाळल्याचा आवाज आला तर द्रव कमी होऊन त्याच्या जागी हवा शिरली आहे. वाफेपर्यंत पोहोचणाऱ्या मालिकेतील ही सर्वांत स्वस्तात सुटणारी पायरी आहे, आणि तीच सर्वाधिक वेळा दुर्लक्षिली जाते.

गाडी मिस्त्रीच्या हवाली करताना ‘गाडी तापते’ किंवा ‘आवाज येतो’ एवढेच न सांगता, ती रांगेत तापली की घाटात, किती वेळाने, वातानुकूलन चालू असताना की बंद, आवाज थंड इंजिनात येतो की तापल्यावर, आणि शेवटी कोणते पाणी किती भरले, हे वाहनमालकाने सांगावे. एकदा उकळलेले इंजिन निवल्यावर पुन्हा सुरू झाले, एवढ्यावरून ते शाबूत आहे असे धरू नये. हेड गॅस्केट, ऑइल आणि झाकण तपासून घेतल्यावरच गाडी पुन्हा घाटावर घालावी.